तासाला दोन कुक

पत्त्याच्या पानाएवढं एक कार्ड. त्यावर छापलेला बारा आकडी क्रमांक आणि एक राखाडी पट्टी. पट्टी नखानं खरवडली की खाली आणखी बारा आकडे दिसायचे, तो पासवर्ड. हे चोवीस आकडे फोनमध्ये बिनचूक भरले की साठ मिनिटं मोजायला सुरुवात व्हायची. कार्डाचं नाव ‘नाउता’, विकणारी कंपनी ‘एतेक्सा’. ही क्यूबाची सरकारी दूरसंचार कंपनी, देशात एकमेव. २०१५ च्या जुलैनंतर साध्या क्यूबन माणसाला बाहेरच्या जगाशी बोलायचं तर आधी ती पट्टी खरवडावी लागे.

त्या महिन्यात सरकारनं देशभर ३५ ठिकाणी वाय-फाय सुरू केलं. ठिकाणं म्हणजे बागा, चौक, रुंद पदपथ. हवानातलं सर्वांत गजबजलेलं ठिकाण ‘ला राम्पा’, म्हणजे तेविसाव्या रस्त्याचा समुद्राकडे उतरत जाणारा भाग. ऊन कललं की तिथे माणसं पायऱ्यांवर, कट्ट्यांवर, भिंतींना टेकून दाटीनं बसत. कुणी मायामीतल्या भावाला नवं बाळ दाखवत असे, कुणी माद्रिदला गेलेल्या मुलीशी बोलताना रडत असे. स्काइप चालत नसे, म्हणून ‘इमो’ नावाचं ॲप घरोघरी माहीत झालं होतं. आजारपणं, रुसवेफुगवे, पैशांची मागणी, सगळं अक्षरशः चव्हाट्यावर. मला या दृश्यातली ही गोष्ट सर्वांत जास्त लागते. घरात बसून, दार लोटून, आपल्या माणसाशी चार शब्द बोलण्याची सोय त्या लोकांना नव्हती. आणि तरीही आदल्या वर्षापर्यंत एवढंही नव्हतं, म्हणून ते आनंदात होते.

दर होता तासाला दोन कुक. ‘कुक’ हे तेव्हाच्या क्यूबातलं दुसरं चलन, डॉलरच्या बरोबरीचं. पगार मात्र साध्या पेसोत मिळायचा आणि एक कुक घ्यायला पंचवीस पेसो मोजावे लागायचे. सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०१५ मध्ये सरासरी मासिक पगार ६८७ पेसो होता. इंटरनेटचा एक तास पडला ५० पेसोंना, म्हणजे अख्खा पगार पावणेचौदा तासांत संपला. रोज अर्धा तास वापरायचं ठरवलं तर त्या घरात चूल पेटणार नाही. आणि हा उतरलेला दर होता. दोनच वर्षांपूर्वी, जून २०१३ मध्ये, एतेक्सानं ११८ सार्वजनिक इंटरनेट केंद्रं उघडली होती. तिथे तासाला साडेचार कुक पडत आणि सरासरी पगार होता ४७१ पेसो. महिनाभर राबून सव्वाचार तासही पदरात पडत नव्हते.

त्या केंद्रांच्या दरपत्रकाकडे जरा थांबून पाहायला हवं. त्यात एकच दर नव्हता. देशातल्या देशातली सरकारी संकेतस्थळं पाहायची असतील तर तासाला ०.६० कुक. परदेशात जाणारी ईमेल हवी असेल तर १.५० कुक. सगळं जग खुलं हवं असेल तर ४.५०. संगणक तोच, खुर्ची तीच, वीजही तेवढीच जळणार. बाहेर डेटा पाठवायला थोडा जास्त खर्च येतो हे मान्य केलं, तरी सात-साडेसात पटींचा फरक खर्चातून येत नाही. तो ठरवून येतो. या दरपत्रकात राज्यकर्त्यांनी आपल्या नागरिकांनी काय पाहावं याचा क्रम लावून ठेवला होता.

हुकूमशाही आणि इंटरनेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चीन येतो. तिथे इंटरनेट स्वस्त आणि वेगवान आहे, पण परदेशी संकेतस्थळांपुढे प्रचंड गाळणी उभी आहे. उत्तर कोरियात सामान्य माणसासाठी दारच नाही. क्यूबाची गोष्ट या दोघांहून वेगळी आहे. इथे दार आहे, कायद्यानं उघडंही आहे, आणि दाराशी दर टांगलेला आहे. गेल्या पाव शतकात तिथे सेन्सॉरचं निम्म्याहून जास्त काम या दरानं केलं, असं माझं मत आहे. हे प्रकरण त्या दराची गोष्ट सांगण्यासाठी आहे.

क्यूबा १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये इंटरनेटला जोडला गेला. उपग्रहावरून, सेकंदाला ६४ किलोबिट एवढ्या वेगानं. एवढ्याशा धारेवर सगळा देश. त्याच वर्षी सरकारनं एक फर्मान काढून इंटरनेट कुणाला मिळेल हे ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. धोरणाला नाव दिलं ‘सामाजिक वापर’. पाणी थोडं आहे, तेव्हा ते आधी दवाखान्याला, शाळेला आणि प्रयोगशाळेला जाईल, असा त्याचा अर्थ. हे धोरण अगदीच पोकळ नव्हतं. डॉक्टरांसाठीचं ‘इन्फोमेद’ हे जाळं १९९२ पासून उभं राहिलं होतं आणि खेड्यातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला त्यातून वैद्यकीय नियतकालिकं वाचता येत. सोव्हिएत संघ कोसळल्यावर जिथे औषध, तेल, साबण मिळेनासे झाले होते, तिथे हे काम लहान नाही.

पण रेशनवर मिळणाऱ्या वस्तूचं जे होतं तेच झालं. ज्यांच्या कामामुळे घरी जोडणी मिळाली होती असे डॉक्टर, प्राध्यापक, लेखक आपलं खातं रात्रीच्या वेळी गुपचूप दुसऱ्याला भाड्यानं देऊ लागले. पर्यटकांच्या हॉटेलांत इंटरनेट होतं, पण २००८ पर्यंत क्यूबन नागरिकाला त्या हॉटेलांत उतरण्याचीच बंदी होती. स्वतःच्या नावावर मोबाइल घेण्याची मुभाही २००८ मध्येच मिळाली, राउल कास्त्रो सत्तेवर आल्यानंतर. त्याआधी २००६ मध्ये सान्ता क्लारा शहरातल्या गियेर्मो फारिन्यास या मानसशास्त्रज्ञानं सर्व नागरिकांना इंटरनेट मिळावं म्हणून उपोषण केलं. ते महिनोन्‌महिने चाललं, त्यांना जबरदस्तीनं सलाइनवर ठेवावं लागलं. उपोषणानं राजकीय कैदी सुटावेत, अन्याय दूर व्हावा, हे आपण जाणतो. इंटरनेटसाठी माणूस जिवावर उदार होतो हे तेव्हा फार कुणाला कळलं नसेल. फारिन्यास यांना पुढे २०१० मध्ये युरोपीय संसदेचा साखारोव्ह पुरस्कार मिळाला.

त्याच काळात योआनी सांचेस या तरुण भाषातज्ज्ञ बाई रोजच्या जगण्यावर लिहीत होत्या. त्यांचा ‘जनरेशन वाय’ हा ब्लॉग २००७ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी देशातून दिसेनासा झाला. जगभर तो अनेक भाषांत वाचला जात होता, मात्र लिहिणाऱ्या बाईंना तो स्वतःला उघडता येत नव्हता. त्या हॉटेलात पर्यटक असल्यासारख्या शिरत, आधी लिहून आणलेला मजकूर घाईघाईनं ईमेलनं मित्रांना पाठवत आणि परदेशातले मित्र तो वर चढवत. ट्विटरवर त्या साध्या एसएमएसमधून लिहीत. परदेशी क्रमांकावरचा एकेक संदेश डॉलरच्या हिशेबात पडायचा. उत्तरं कोणती आली ते मात्र त्यांना वाचता येत नसे.

सरकारचं म्हणणं साधं होतं: आम्हाला वेग मिळत नाही, कारण अमेरिकेची नाकेबंदी. यात तथ्य आहे. क्यूबाच्या भोवतालच्या समुद्रात केबलींचं जाळं आहे, फ्लोरिडा हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरीही केबल जोडता येत नव्हती. मग ऊगो चावेस यांच्या व्हेनेझुएलानं हात दिला. ला ग्वाइरापासून सान्तियागो दे क्यूबापर्यंत, सुमारे १,६०० किलोमीटर लांबीची ‘आल्बा-१’ ही समुद्राखालची केबल टाकण्यात आली. खर्च सुमारे सात कोटी डॉलर. फेब्रुवारी २०११ मध्ये सिबोनेच्या किनाऱ्यावर केबलचं टोक बाहेर आलं, फोटो निघाले, भाषणं झाली, वेग तीन हजार पटींनी वाढेल असं सांगण्यात आलं.

आणि मग काहीच झालं नाही. महिने गेले, वर्ष गेलं, दुसरं वर्ष सरत आलं. केबलविषयी सरकारी वर्तमानपत्रांत अवाक्षर नाही. कोड्याचा उलगडा झाला तो अमेरिकेतल्या ‘रेनेसिस’ या कंपनीकडून. जगभरच्या इंटरनेटचे मार्ग मोजणं हा तिचा व्यवसाय. जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की क्यूबाकडून येणाऱ्या उत्तरांना लागणारा वेळ कमी झाला आहे. यामागचं विज्ञान सोपं आणि सुंदर आहे. दळणवळणाचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. संदेश वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार. प्रकाशाच्या वेगानंही या फेरीला जवळजवळ अर्धा सेकंद लागतोच. त्याहून लवकर उत्तर आलं तर ते उपग्रहावरून येणं शक्यच नाही. म्हणजे समुद्रतळाची केबल जिवंत झाली होती, निदान एका दिशेनं. ही बातमी बाहेर आल्यावर काही दिवसांतच एतेक्सानं निवेदन काढून कबूल केलं की ऑगस्ट २०१२ पासून केबलवरून फोनची वाहतूक चालू आहे आणि आता इंटरनेटची चाचणी सुरू आहे. त्याच निवेदनात पुढे होतं की केबल आली म्हणजे सगळ्यांना लगेच इंटरनेट मिळेल असं समजू नका.

आपल्याच देशाच्या किनाऱ्याला लागलेली केबल चालू झाली, हे तिथल्या नागरिकाला परक्या देशातल्या एका कंपनीच्या मोजमापातून कळलं. नाकेबंदीमुळे इंटरनेट नाही, या युक्तिवादाचं बळ त्या दिवशी बरंचसं ओसरलं. केबल चालू असल्याचं उघड झाल्यावर सुमारे पाच महिन्यांनी आला तो वर सांगितलेला साडेचार कुकांचा दर.

अमेरिकेची बाजूही स्वच्छ नाही, हे इथेच सांगितलं पाहिजे. डिसेंबर २००९ मध्ये अ‍ॅलन ग्रॉस हा अमेरिकी कंत्राटदार हवानात पकडला गेला. अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेच्या कार्यक्रमातून तो उपग्रहाशी जोडणारी उपकरणं देशात आणून तिथल्या ज्यू समाजाला देत होता. त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षांनी, १७ डिसेंबर २०१४ ला तो सुटला, त्याच दिवशी ओबामा आणि राउल कास्त्रो यांनी संबंध पूर्ववत करण्याची घोषणा केली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आणखी एक प्रकार उघडकीस आला होता. ‘झुनझुनेओ’ या नावानं क्यूबन तरुणांसाठी एसएमएसवर चालणारी ट्विटरसारखी सेवा याच मदतसंस्थेनं आपला हात लपवून चालवली होती. झुनझुन हे तिथल्या चिमुकल्या गुंजन पक्ष्याचं नाव. ज्या तरुणांनी ती वापरली त्यांना मागे कोण आहे हे ठाऊकच नव्हतं. हवानातल्या राज्यकर्त्यांची भीती केवळ कल्पनेतली नव्हती हे मान्य. पण त्या भीतीची किंमत राज्यकर्त्यांनी मोजली नाही. ती बागेतल्या कट्ट्यावर बसलेल्या आजीनं मोजली, दर मिनिटाला.

आता सेन्सॉरशिपकडे वळू. नेहमीच्या अर्थानं सेन्सॉरशिप क्यूबात होती का? होती, पण चकित व्हावं इतकी थोडी. इंटरनेटवरच्या बंदीचा अभ्यास करणाऱ्या ‘ऊनी’ या प्रकल्पातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हवाना, सान्ता क्लारा आणि सान्तियागो दे क्यूबा इथल्या वाय-फाय ठिकाणांवरून १,४५८ संकेतस्थळं तपासली. बंद निघाली फक्त ४१. त्यांत मायामीतून किंवा माद्रिदमधून चालणारी विरोधी वर्तमानपत्रं, मानवी हक्क संस्था, आणि योआनी सांचेस यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘कातोर्सेइमेदियो’ हे वृत्तपत्र. बंद केल्याची सूचना नाही, कारण नाही. पान कोरं येई. तंत्रही फार कडेकोट नव्हतं. पत्त्याच्या सुरुवातीला सुरक्षित जोडणीचं एक जास्तीचं अक्षर टाकलं की यांतली अनेक संकेतस्थळं उघडत. याच्या आदल्याच वर्षी असंही उघड झालं होतं की ‘लोकशाही’ किंवा ‘उपोषण’ असे स्पॅनिश शब्द असलेले एसएमएस पाठवणाऱ्याचे पैसे कापून घेतले जातात, पण ते पोचतच नाहीत.

एवढी ढिली गाळणी सरकारला का पुरली? उत्तर घड्याळात आहे. आपल्याकडे पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून इंटरनेट वापरलं त्यांना ही भावना आठवेल: पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे एक डोळा, काम उरकण्याची घाई. त्या तासाला आठवड्याच्या भाजीपाल्याचे पैसे पडत असते तर आपण काय केलं असतं? आईशी बोललो असतो. बहिणीनं पाठवलेले फोटो उतरवून घेतले असते. व्हिसाचा अर्ज भरला असता. एखाद्या लांबलचक लेखात सरकारच्या अंदाजपत्रकाची चिकित्सा केलेली आहे, ती त्या साठ मिनिटांत कोण वाचणार? वाचणं, रेंगाळणं, एका गोष्टीवरून दुसरीकडे जाणं, शंका येणं, पडताळून पाहणं, अनोळखी माणसाशी वाद घालणं, हे सगळं मोकळ्या वेळात होतं. मोकळा वेळच एवढा महाग केला की १,४५८ पैकी १,४१७ संकेतस्थळं उघडी ठेवून चालतं.

लोकांनी मात्र स्वतःची वाट काढली, आणि ती इतकी कल्पक आहे की तिच्याविषयी लिहिताना मला मनापासून आदर वाटतो. तिचं नाव ‘एल पाकेते सेमानाल’, म्हणजे साप्ताहिक गठ्ठा. दर आठवड्याला सुमारे एक टेराबाइट सामग्री: अमेरिकी मालिकांचे ताजे भाग, ब्राझील-मेक्सिकोच्या मालिका, कोरियन नाटकं, सिनेमे, फुटबॉलचे सामने, यूट्यूबवरचे व्हिडिओ, फोनची ॲप्स, अँटिव्हायरसची अद्ययावत फाइल. जोडणी असलेले मूठभर लोक हवानात हे उतरवून घेत. तिथून हार्डडिस्क बसनं, गाडीनं, विमानानं बेटाच्या टोकांपर्यंत जात. प्रत्येक गावात एक कॉपी करून देणारा, त्याच्या हाताखाली गल्लीगल्लीत आणखी काही. घरी येऊन पेन ड्राइव्ह भरून देणारेही होते. ताजा गठ्ठा महाग, दोन-चार दिवसांनी तोच स्वस्त. सामान्य गिऱ्हाईक एक-दोन कुकांत आठवडाभराची करमणूक घेऊन जाई, म्हणजे बागेतल्या एका तासाच्या किमतीत.

त्या गठ्ठ्यात ‘रेवोलिको’ ही जाहिरातींची सूचीही असे. जुनी गाडी, भाड्याची खोली, शिवणयंत्र, टायर, सगळं तिथे विकायला निघे. मूळ संकेतस्थळ देशात बंद होतं, पण त्याची प्रत गठ्ठ्यातून घराघरांत पोचायची. ‘विस्तार’सारखं संगीताचं मासिक या गठ्ठ्यासाठीच निघालं. केशकर्तनालयं, खानावळी यांच्या जाहिराती त्यात येऊ लागल्या. खासगी जाहिरातच नसलेल्या देशात जाहिरातीचा धंदा हार्डडिस्कवर उभा राहिला. सरकारच्या संगणक क्लबांनी उत्तर म्हणून ‘मोचिला’, म्हणजे पाठपिशवी, नावाचा स्वतःचा शैक्षणिक गठ्ठा काढला. पाकेतेची जागा त्याला घेता आली नाही.

गठ्ठ्यात दोन गोष्टी नसत: अश्लील चित्रफिती आणि राजकारण. हा नियम कुणी लिहून दिलेला नव्हता. गठ्ठा बांधणाऱ्यांना ठाऊक होतं की सरकार काणाडोळा करतंय तो या अटीवर. हाच नियम ‘स्नेट’मध्ये होता. हवानातल्या पोरांनी गच्च्यागच्च्यांवरून तारा टाकून, अँटेना लावून शहरभर स्वतःचं जाळं विणलं होतं. ते इंटरनेटला जोडलेलंच नव्हतं. त्यावर खेळ चालत, गप्पा चालत, परदेशी विश्वकोशाची प्रत ठेवलेली असे. हजारो घरं त्यात होती. प्रत्येक वस्तीचा एक व्यवस्थापक, आणि राजकारण बोलणाऱ्याला काही दिवस बाहेर काढण्याची शिक्षा. आपणच विणलेल्या जाळ्यात आपणच पहारेकरी नेमावा लागणं, हे मला कोऱ्या पानापेक्षा जास्त क्लेशदायक वाटतं. एवढं जपूनही २०१९ मध्ये नवे नियम आले: रस्ता ओलांडणारी तार चालणार नाही, ठरावीक शक्तीपेक्षा जास्त ताकदीचं उपकरण चालणार नाही. काही तरुण दळणवळण मंत्रालयासमोर शांतपणे जाऊन उभे राहिले. जाळं अखेर सरकारी संगणक क्लबांत विलीन झालं.

दरम्यान दर घसरत होता. २०१६ च्या अखेरीस दीड कुक, नंतर एक कुक. घरगुती जोडण्या थोड्याथोड्या मिळू लागल्या. आणि ६ डिसेंबर २०१८ ला मोबाइलवर इंटरनेट आलं. चार जीबी ३० कुकांना, म्हणजे जवळजवळ पूर्ण महिन्याच्या सरासरी पगाराला. तरीही लोक तुटून पडले, कारण बरेचदा पैसे भरणारा माणूस देशाबाहेर होता. मायामीतला भाऊ तिथून क्यूबातल्या फोनवर रिचार्ज करे, ‘रेकार्गा’. मग एतेक्सा दुप्पट-चौपट बोनसच्या योजना जाहीर करे आणि परदेशी चलन सरकारी तिजोरीत येई. देश सोडून गेलेल्यांच्या मायेवर हा व्यवसाय उभा होता. दोन वर्षांत मोबाइल इंटरनेट वापरणारे ४० लाखांच्या पुढे गेले, तेही सुमारे एक कोटी दहा लाखांच्या देशात.

घड्याळाचा धाक ओसरला तसं बोलणं वाढलं. जुलै २०१९ मध्ये आलेल्या कायद्यानं समाजाच्या हिताला किंवा नीतिमत्तेला बाधक मजकूर टाकणाऱ्याला ३,००० पेसो दंड ठेवला, सरासरी पगाराच्या कितीतरी पट. पत्रकारांना पोलिसांकडून बोलावणी येऊ लागली, फेसबुकवरच्या नोंदीची छापील प्रत समोर ठेवून दंडाची पावती हातात दिली जाऊ लागली.

११ जुलै २०२१, रविवार. हवानाच्या नैऋत्येला असलेल्या सान अन्तोनियो दे लोस बान्योस या गावात तासन्‌तासांच्या वीजकपातीला, औषधांच्या आणि अन्नाच्या टंचाईला कंटाळलेले लोक रस्त्यावर आले. कुणीतरी फोन वर धरून ते फेसबुकवर थेट दाखवलं. दुसऱ्या टोकाला, सान्तियागोजवळच्या पाल्मा सोरियानोत ते पाहिलं गेलं आणि तिथले लोक निघाले. मग एकामागून एक गावं. १९५९ च्या क्रांतीनंतर एवढी माणसं सरकारविरोधात एकाच दिवशी कधी रस्त्यावर आली नव्हती. दुपारी चारच्या सुमारास देशाचं इंटरनेट काही मिनिटं पूर्णच बंद पडलं. परत आलं ते लुळंपांगळं. मोबाइल डेटा अनेकांचा बंद, व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, फेसबुक अडवलेलं. कंपनी एकच असल्यानं बटणही एकच होतं. हजाराहून जास्त लोक पकडले गेले आणि पुढे काहींना दीर्घ शिक्षा झाल्या. घरच्यांना आपलं माणूस कुठे आहे हे विचारायलाही फोन चालत नव्हते.

त्या आठवड्यात दहा लाखांहून जास्त क्यूबन लोक ‘सायफन’ या भिंत ओलांडून देणाऱ्या साधनाकडे वळले. हे साधन त्यांना नवं नव्हतं, आणि यात एक विचित्र दुःख आहे. अमेरिकी निर्बंधांमुळे अनेक कंपन्यांच्या सेवा क्यूबातून उघडतच नाहीत. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलाला हवं ते साधन ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ म्हणतं. ते मिळवायला तो जे साधन वापरतो, तेच साधन त्याला आपल्या सरकारनं अडवलेली बातमी वाचायलाही लागतं. नाकेबंदीवाल्यांनी क्यूबन जनतेचा कळवळा कितीही सांगितला, तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी शासनाच्या समितीनं फ्लोरिडाजवळून जाणाऱ्या केबलची शाखा क्यूबाला जोडायला सुरक्षेच्या कारणानं विरोधच केला. ऑगस्ट २०२१ मध्ये हवानानंही नवा कायदा आणला होता. त्यात ‘खोट्या बातम्या’ आणि देशाच्या प्रतिष्ठेला धक्का देणारा मजकूर यांची नोंद सायबर सुरक्षेतल्या धोकादायक घटनांमध्ये केली गेली.

कुक हे चलन २०२१ मध्ये बंद झालं. पेसो कोसळला, महागाई भडकली, पेसोतला डेटा त्या मानानं स्वस्त होत गेला. काही काळ असं वाटलं की दराची गोष्ट संपली.

३० मे २०२५ ला ती परत आली. एतेक्सानं जाहीर केलं की पेसोत रिचार्ज महिन्याला ३६० पेसोंपर्यंतच करता येईल. त्यात मिळणार सहा जीबी. ते संपलं की पुढच्या तीन जीबींना ३,३६० पेसो. डॉलर असतील तर वेगळे पॅक आहेतच. देशातलं किमान वेतन तेव्हा २,१०० पेसो होतं. म्हणजे किमान वेतनावर राबणाऱ्या माणसाच्या महिनाभराच्या कमाईत वरचे तीन जीबीसुद्धा येत नव्हते. कंपनीचं म्हणणं होतं की यंत्रसामग्रीला परदेशी चलन लागतं आणि ते कुठून तरी उभं करायला हवं. वीजच दिवसचे दिवस नसलेल्या देशात टॉवर चालू ठेवणं अवघड आहे, हेही खरं. पण बारा वर्षांपूर्वीचं दरपत्रक ज्यांनी पाहिलं होतं त्यांना ही पायऱ्यांची रचना ओळखीची वाटली.

या वेळी आवाज उठला तो हवाना विद्यापीठातून. गणित आणि संगणकशास्त्र विद्याशाखेच्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकण्याची हाक दिली. वीज नसताना, ग्रंथालयं अपुरी असताना, त्यांचा अभ्यास फोनवरच चालत होता. इतर विद्याशाखांतून, इतर शहरांतून निवेदनं निघाली. सरकार घाईनं वाटाघाटीला आलं आणि सवलत देऊ केली: विद्यार्थ्यांना ३६० पेसोंचं दुसरं रिचार्ज करता येईल, शिवाय काही शैक्षणिक संकेतस्थळं मोफत. रेशनच्या दुकानात विद्यार्थ्यांसाठी वेगळी रांग लावून देण्यासारखं हे होतं, आणि तीस वर्षांपूर्वीचं ‘सामाजिक वापर’ हे धोरण त्यात जसंच्या तसं होतं. अनेक विद्याशाखांतल्या विद्यार्थ्यांनी उत्तर दिलं की आम्हाला आमच्यापुरती सवलत नको. आमचे आईवडील, शेजारीपाजारी यांना जो दर लागतो तो बदला.